यादीतला ळ

जानेवारी २०१८ च्या अखेरीस मी मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतून वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पुढे दोनच महिन्यांनी शासनाने निवृत्तीचे वय बासष्ट केले आणि इष्टमित्रांनी माझे सांत्वन केले. मला स्वतःला खेद वाटला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यात विधानसभेची निवडणूक व्हायची होती, आणि छत्तीस वर्षांत प्रथमच निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश माझ्या नावाने निघणार नव्हता. ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत, अटलांटाजवळ, दोन महिन्यांसाठी गेलो. निवडणुकीपासून पळालो आणि थेट निवडणुकीतच जाऊन पडलो.

मुलीच्या घरासमोरच्या हिरवळींवर जागोजागी लहान लहान फलक रोवलेले होते. जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदाची ती निवडणूक होती. तिथे हे 'मिडटर्म'चे वर्ष. आपण 'मध्यावधी' म्हणतो तेव्हा सरकार पडून मुदतीपूर्वी आलेली निवडणूक आपल्या डोळ्यांपुढे येते. तिथे तसे काही नसते. राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीचा मध्य, एवढाच त्याचा अर्थ. पन्नासपैकी छत्तीस राज्यांनी २०१८ साली आपला गव्हर्नर निवडला, तो याच मधल्या वर्षी. राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या गदारोळात राज्याचा कारभार झाकोळून जाऊ नये, हा त्याचा एक लाभ सांगतात. हा गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नसतो. आपल्या मुख्यमंत्र्यांचे अधिकार आणि राज्यप्रमुखाचा मान ही दोन्ही त्याच्या ठायी एकवटलेली असतात. आपल्या संविधान सभेनेही १९४७ साली राज्यपाल लोकांनी थेट निवडावा असे प्रथम ठरविले होते. १९४९ च्या मे महिन्यात तो विचार सोडून नियुक्तीची पद्धत स्वीकारण्यात आली. एकाच राज्यात लोकांनी निवडलेले दोन प्रमुख एकमेकांसमोर उभे राहतील, ही भीती त्यामागे होती.

जॉर्जियातील सामना चुरशीचा होता. रिपब्लिकन पक्षाचे ब्रायन केम्प आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टेसी अब्राम्स समोरासमोर होते. अब्राम्स निवडून आल्या असत्या, तर अमेरिकेच्या कोणत्याही राज्याच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला गव्हर्नर ठरल्या असत्या. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. केम्प हे २०१० पासून त्या राज्याचे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' होते, आणि राज्यातील निवडणुकांची देखरेख व मतदारांची नोंदणी हे त्याच पदाचे काम. म्हणजे ज्याच्या कार्यालयात यादी, तोच उमेदवार! जावयाने हे सांगितले तेव्हा मला वाटले, त्याची काही समजुतीची चूक झाली असावी. चूक नव्हती. केम्प यांचे म्हणणे असे, की प्रत्यक्ष मतदान आणि मोजणी काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, करतात. ते खोटेही नव्हते. तरी ज्याने उभा जन्म निवडणूक आयोगाच्या परिपत्रकांवर काढला, त्याच्या गळी ते उतरेना.

त्यातच 'तंतोतंत जुळणी'चा वाद पेटला. मतदार नोंदणीच्या अर्जातील नाव वाहन परवान्याच्या किंवा सामाजिक सुरक्षा विभागाच्या नोंदीशी अक्षरशः जुळले नाही, मग ती एखादी जोडरेघ का असेना, तर तो अर्ज प्रलंबित ठेवला जाई. असे सुमारे ५३ हजार अर्ज त्या ऑक्टोबरात प्रलंबित होते. त्यांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीयांचे होते. राज्याच्या लोकसंख्येत मात्र ते एक-तृतीयांशाहूनही थोडे कमीच. अशा मतदाराला छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून मत देता येई, हेही खरे. पण 'तुमचे नाव प्रलंबित आहे' हे कळल्यावर किती जण केंद्रापर्यंत जातात, हे आमच्यासारख्या टेबलामागे बसलेल्यांना ठाऊक असते.

शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत. कृष्णवर्णीय, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. मतदानाच्या दिवसाआधीच मत देण्याची तिथे सोय आहे. तशा एका सकाळी त्या रांगेत उभ्या राहून परतल्या आणि अंगणातल्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या. त्यांच्या लहानपणी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांची नावे यादीत येऊ नयेत म्हणून साक्षरतेची परीक्षा घेतली जाई. कोण उत्तीर्ण ते टेबलामागचा कारकून ठरवी. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ते थांबले. हे सगळे त्यांनी शाळेतला धडा सांगावा तसे, स्वर न चढवता सांगितले. मग विचारले, "तुमच्याकडे यादी कोण लिहितो?"

मला तर हवाच होता तो प्रश्न. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ पासून मी आरंभ केला. यादीचे काम करणारा अधिकारी त्या काळापुरता आयोगाच्या अधीन असतो, मुख्यमंत्र्यालाही त्या यादीत हात घालता येत नाही, असे सारे अभिमानाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडे केंद्रावरून कोणी परत जात नसेल."

मी 'नाही' म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला आणि तिथेच थांबला.

१९८५ सालची गोष्ट. नोकरीत लागून तीन वर्षे झालेली. मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक होती आणि माळव्यातील एका जुन्या संस्थानी गावी, शाळेतल्या मतदान केंद्रावर, मी पीठासीन अधिकारी होतो. तिसऱ्या प्रहरी एक वृद्ध बाई आल्या. नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी. त्यांच्या नावात एक आणि आडनावात एक असे दोन 'ळ' होते. वाचकांना सांगायला नकोच, आपल्याकडच्या हिंदी दफ्तरात 'ळ' टिकत नाही. काळ्यांचे काले होतात, गोळ्यांचे गोले होतात, आणि कमळाबाई कमलाबाई होऊन जन्म काढतात. यादीत त्यांचे नाव 'ल'ने होते, वयही चुकलेले होते. बाईंनी नाव सांगितले ते मात्र स्वच्छ 'ळ'ने, दोनदा. एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, की यह वह औरत नहीं है.

नियम मला पाठ होता. यादीतील लेखनाची किंवा छपाईची किरकोळ चूक पीठासीन अधिकाऱ्याने दुर्लक्षावी, मतदार तीच व्यक्ती असल्याची खात्री पटली म्हणजे पुरे. प्रतिनिधीला हट्टच धरायचा असेल, तर त्याने दोन रुपये भरून रीतसर आक्षेप घ्यावा आणि मी चौकशी करावी. खात्री तर मला पहिल्या वाक्यालाच पटली होती. तो 'ळ' दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. पण बाहेर रांग होती, प्रतिनिधीचा आवाज चढला होता, आणि मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. शिवाय एक गोष्ट आजवर मी कोणाला सांगितली नाही, ती इथे लिहितो. बाई माझ्याशी मराठीत बोलत होत्या आणि मी हिंदीत उत्तरे देत होतो. हा आपल्या लोकांची बाजू घेतो, असे त्या खोलीत कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. मी त्यांना ओळखीचा काही कागद घेऊन यायला सांगितले.

त्यांनी टेबलावरच्या पाटीकडे पाहिले. पाटीवर माझे आडनाव होते. त्यातही 'ळ' आहे; पाटीवर तो 'ल' होता, सेवापुस्तिकेतही 'ल'च आहे. "बाळ, तुला तरी वाचता येत असेल," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघून गेल्या. पाच वाजेपर्यंत मी दाराकडे पाहत होतो. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी पीठासीन अधिकाऱ्याच्या डायरीत मी लिहिले, मतदान शांततेत पार पडले, तक्रार नाही. त्या वाक्यात खोटे एक अक्षर नव्हते.

पुढे उपविभागीय अधिकारी या नात्याने यादीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा देशातील पहिल्या यादीची हकीकत माझ्या वाचनात आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी यादी करताना सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांना नाव सांगण्यासाठी मुदतवाढ दिली, तरीही ज्यांनी ते सांगितले नाही त्यांच्या नोंदी वगळल्या. ज्या प्रांतांत हे विशेष घडले त्यांत आपला मध्य भारतही होता. त्या स्त्रियांनी नाव सांगितले नाही म्हणून त्या वगळल्या गेल्या. माझ्यासमोरच्या बाईंनी तर नाव दोनदा सांगितले होते. मी हाताखालच्या लेखनिकांना नावे मोठ्याने वाचून खात्री करायला लावी. ते मला मागे कंटाळून बोलत असतील. एकदा त्या गावची यादीही मागवून पाहिली. बाईंच्या नावासमोर 'विलोपित' असा शिक्का होता.

शेजारच्या बाईंना मी हे सगळे सांगितले नाही. "क्वचित जातो," एवढेच म्हणालो. त्यांनी मान हलवली. शिक्षकांना अर्धवट उत्तर ओळखता येते.

६ नोव्हेंबरला मतदान झाले. दोन दिवसांनी केम्प यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट पदाचा राजीनामा दिला. सुमारे ३९ लाख मतांत ते सुमारे ५५ हजारांनी पुढे राहिले. पन्नास टक्क्यांहून कमी मते पडली तर तिथे पुन्हा मतदान घ्यावे लागते. ती रेषा त्यांनी सुमारे नऊ हजार मतांनी ओलांडली होती. १६ नोव्हेंबरला अब्राम्स यांनी लढत संपविली, पण हे आपण पराभव मान्य करणारे भाषण नव्हे, असे स्पष्ट सांगूनच. पुढची हकीकतही नोंदवली पाहिजे. अब्राम्स यांच्या संघटनेने घातलेला दावा सप्टेंबर २०२२ मध्ये संघीय न्यायालयात टिकला नाही, आणि त्याच वर्षी पुन्हा याच दोघांत लढत होऊन केम्प सुमारे तीन लाखांच्या फरकाने निवडून आले. त्या वेळी यादी त्यांच्या कार्यालयात नव्हती, म्हणून विजयावर तसा डागही उरला नाही. २०१८ सालीही ते कदाचित निखळच जिंकले असतील. पण पंच आणि खेळाडू एकच असला, की खऱ्या विजयालाही साक्षीदार मिळत नाही.

आपली व्यवस्था या बाबतीत अधिक शहाणी आहे, असे मी आजही मानतो. मात्र तेवढ्यावर समाधान मानण्याचा अधिकार मला नाही. माझ्या केंद्रावर उमेदवाराचा हात यादीत नव्हता, वरून कोणाचा फोन नव्हता, नियम बाईंच्या बाजूचा होता. तरी त्या परत गेल्या. टेबलामागे बसलेला माणूस भ्याला की उत्तम कायदाही पाटीवरच्या अक्षराएवढाच उरतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या राज्यात मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि घरोघरी अर्ज आले. आमचा अर्ज मी टेबलावर घेऊन बसलो. जुन्या यादीशी नाव जुळायला हवे होते. सौ. म्हणाली, "आता तरी आपले नाव नीट लिहा." मी पेन उचलले. बराच वेळ तसाच बसलो. मग जुन्या यादीत आहे तसे, 'ल'नेच लिहिले.