लेखिकेच्या आतली लेखिका

रहस्यकथेत सगळेच खोटं बोलतात: खुनी, साक्षीदार, बटलर. लेखिका तर पहिल्या पानापासून. पण कथेत एखादी कादंबरीकार अवतरली की त्या एका कोपऱ्यात मला खऱ्याची चाहूल लागते.

अगाथा ख्रिस्तीच्या अ‍ॅरिअ‍ॅडनी ऑलिव्हर बघा. केसांचा अवतार, जिथे बसतील तिथे सफरचंदं, आणि मानगुटीवर स्वेन यर्सन. फिनलंडची ओ की ठो माहिती नसताना बाईंनी आपला गुप्तहेर फिनिश करून ठेवला. आता वाचक त्याला मरू देत नाहीत. ख्रिस्तीचा बेल्जियन प्वारो आठवतोच ना? तिचा वैताग ऑलिव्हरबाईंच्या तोंडी किती मोकळा होतो! १९३५च्या 'डेथ इन द क्लाउड्स'मध्ये तिनं विमानात बसेल एवढी, खरी कधी नसते इतकी आखूड फुंकनळी वापरली होती. पुढे १९५२मध्ये तसलीच चूक ऑलिव्हरबाईंच्या पदरात घालून ती नामानिराळी झाली. 'द बॉडी इन द लायब्ररी' हे पुस्तकही १९३६मध्ये ऑलिव्हरबाईंच्याच नावावर होतं. १९४२मध्ये ख्रिस्तीनं त्याच नावाची कादंबरी स्वतः लिहिली. पात्राच्या कपाटातून पुस्तक उचलायचं म्हणजे कमालच.

डोरोथी सेयर्सची हॅरिएट व्हेन मात्र मला हसू देत नाही. कादंबरीसाठी आर्सेनिकचा अभ्यास केला, ते विकत घेतलं, आणि पूर्वीचा प्रियकर त्याच विषानं मेल्यावर ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ही १९३०ची गोष्ट. १९३५च्या 'गॉडी नाइट'मध्ये तिची नवी कादंबरी अडली आहे: कोडं चोख, पण विल्फ्रिड नावाचं पात्र लाकडी. सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी सुचवतो, त्याला माणसाचं मन दे. ते लिहिणं दुखेल, हे हॅरिएटला कळतं. दुखलं म्हणून काय झालं, पुस्तक चांगलं होणार असेल तर, असं त्याचं म्हणणं. मी तिथे दर वेळी थबकते. कारण नेमकं तेच सेयर्स त्या पानांवर करत असते: कोड्यातली दोन प्यादी, हॅरिएट आणि पीटर, तिच्या हाताखाली माणसं होत असतात.

अँथनी होरोविट्झनं २०१६च्या 'मॅगपाय मर्डर्स'मध्ये आतली कादंबरी अख्खी छापली; शेवट तेवढा बराच वेळ गहाळ. खेळ झकास आहे. विल्फ्रिडची कादंबरी मात्र सेयर्सनं लिहिली नाही, आणि बरंच केलं.