अडकित्त्याला पॅकेज किती?

"मेकॅनिकल करून म्युझियममध्ये क्युरेटर? म्हणजे वॉचमन का रे?" हॉस्टेलवर हे रोजचंच. बाबा तर फोनवर विषयच बदलतात.

मित्रहो, पुण्याचं केळकर संग्रहालय एकदा बघाच. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं अशा २०,००० हून जास्त वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं.

अडकित्ता म्हणजे आपली फर्स्ट इयरची तरफच. एका टोकाला बिजागरी, मध्ये सुपारी, दुसऱ्या टोकाला हात. पण कुणा कारागिराने त्याला पक्ष्याचा, घोड्याचा आकार दिला. का दिला? हा प्रश्न आपल्या पेपरात येत नाही. क्युरेटरचं काम तिथूनच सुरू होतं. वस्तू कुठली, कुणाची, कशी घडवली याची नोंद करायची, लोखंड दमट हवेपासून जपायचं, आणि मांडायची अशी की बघणाऱ्याचा हात शिवशिवला पाहिजे.

बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून म्युझियॉलॉजी शिकवतात. मी तिथेच अर्ज करणार. पॅकेज कमी असेल, माहीत आहे. बाबांना पटायला वेळ लागेल, तेही माहीत आहे.

तुम्ही एवढंच करा. सुट्टीत घरी गेलात की आजीचा अडकित्ता भंगारात जाऊ देऊ नका. तो कुणाचा, कुठून आला, तिला विचारून लिहून ठेवा.