आईचा गंज

आमच्या आदिलाबादेत होळीला पळसफुले उकळून रंग करतात. तेलुगू शेजारी पळसाला मोदुगु म्हणतात. त्या रंगासाठी आईचा एक जर्मनचा गंज असे. ती गेल्यावर तो माळ्यावरच होता.

यंदाच्या होळीत चिरंजीवांनी तो उतरवला, संगणकाच्या पांढऱ्या पंख्याची पाती रंगवायला! मोटार अलग करून ती पळसाच्या पाण्यात उकळली. बांधलेली सुती दोरी पिवळी झाली, पाती कोरीच. सुताचा रंग प्लॅस्टिकला चढत नाही, हे एम.ए. मराठीला कोण शिकवणार? मग बाजारातून पॉलिस्टरचा रंग आणला. पाती लाल झाली, पण किंचित वाकली, पंखा घरघरतो.

गंजाच्या काठालाही लाल डाग बसला. मी राख घेऊन घासायला बसलो, तर चिरंजीव म्हणाले, "राहू द्या बाबा, आजीचा पिवळाही जाईल."