आळ बॅटरीवर
अमेरिकेत हिवाळाभर शेडमध्ये पडून असलेला, बसून चालवायचा लॉनमोअर थंड असताना सुरू झाला नाही की आळ येतो बॅटरीवर. मला हा निवाडा घाईचा वाटतो. स्टार्टर दाबाच्या टप्प्यावर अडत असेल आणि स्पार्क प्लग काढताच इंजिन मोकळं फिरत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या फटीवर घ्यावा. कॅमशाफ्टवरची छोटीशी यंत्रणा सुरुवातीला व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करते. फट वाढली की ते उचलणं फटीतच जिरतं. नव्या बॅटरीने चालतं ना, असं कुणी म्हणेल. चालतं, पण निव्वळ जोरावर. दोष तसाच राहतो. गारठ्यात तेल घट्ट होतं, बॅटरी मंदावते, हेही खरं; चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते का, ते जरूर पाहावं. पण नवी विकत घेण्याआधी, इंजिन थंड असतानाच, फीलर गेज घालून फट मोजा.