सूर जागेवर परत यायला हवा

पेडल स्टील गिटार हे वाद्य आपल्याकडे फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांमध्ये मागून जो रडवेला, लांबत जाणारा सूर येतो, तो बहुतेकदा या वाद्याचा असतो. नाव गिटार असले तरी ते गळ्यात अडकवत नाहीत. चार पायांवर उभे असलेले एक अरुंद टेबल, त्यावर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडल आणि गुडघ्याने ढकलायची लिव्हर. शिलाई मशीनवर बसावे तसा वादक त्याच्यापुढे बसतो. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलवर आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर.

याचा पूर्वज म्हणजे हवाईयन गिटार. तो आपल्या ओळखीचा आहे. मुंबईच्या फिल्मी संगीतात व्हॅन शिप्लेंनी तो वाजवला. ब्रिजभूषण काबरांनी मांडीवर गिटार घेऊन त्यावर राग उभे केले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर तेच आहेत. तारेवरून दांडी सरकवली की मींड मिळते, हे त्या वाद्याचे बळ. पण दांडी सरळ धरून सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच चढतात किंवा उतरतात. एकच तार हलावी आणि बाकीच्या जागेवर राहाव्यात, हे त्यात सहज जमत नाही. पेडल आले ते यासाठी. पाय दाबला की ठरलेल्या एक-दोन ताराच ताणल्या जातात, तेही त्या वाजत असताना. 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने असे वाजवले आणि नॅशव्हिलच्या वादकांची झोप उडाली. सतारीवर तार बोटाने ओढून जे होते, ते इथे पायाने होऊ लागले.

मग चांगले पेडल स्टील कशाला म्हणायचे? वादकांचे बोलणे ऐकले, वाचले की मेपलचे लाकूड, पिकअप, आवाजाचा गोडवा या गोष्टी येतातच. वरच्या पट्टीत सूर किती वेळ टिकतो, हेही ते बघतात. पण सगळ्यांत कडक परीक्षा वेगळी आहे. पेडल दाबून सोडल्यावर तार नेमकी पहिल्या जागी परत येते का? केसाएवढी खाली राहिली तर पुढचा सगळा स्वरमेळ बिघडतो. दाबताना सूर बरोबर लागणे ही अर्धीच कमाई. शंभरदा दाबून सोडल्यावरही मूळ सूर हलता कामा नये.

दुसरी परीक्षा त्याहून बारीक. पायाचा जोर येतो तेव्हा वाद्याचा खोका किंचित वाकतो. त्यामुळे ज्या तारांना पेडलने हातही लावलेला नाही, त्या थोड्या उतरतात. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या काही भागांचा हा फरक. सगळ्यांच्या कानाला तो कळेलच असे नाही, पण वादक तो ट्यूनर लावून मोजतात. वाद्य पूर्ण ताठ नसतेच. प्रश्न असतो किती कमी वाकते याचा.

तिसरी गोष्ट तार तुटण्याची. नेहमीच्या ई-नाइन मिळवणीतली तिसरी तार जेमतेम 0.011 इंच जाडीची असते आणि ती जवळजवळ प्रत्येक गाण्यात ओढली जाते. ब्रिजच्या जागी धातूची जी हलती बोटे असतात, त्यांच्यावरून ती वळते आणि तिथेच तुटते. त्या बोटाची गोलाई आणि गुळगुळीतपणा नीट नसेल, तर वादकाला भर कार्यक्रमात तार बदलावी लागते.

म्हणून जाणकार माणूस वाद्य विकत घेताना ते उलटे करून बघतो. वर सुंदर लाकूड आणि चकचकीत अॅल्युमिनियम असते. खाली सळया, आडवे दांडे, स्प्रिंगा आणि स्क्रू. खरे वाद्य तिथे आहे. सांध्यात प्ले किती आहे, सळई कुठे घासते का, पेडल दाबायला जड आहे का, हे तिथे कळते.

माझे अब्बा लेथवर काम करायचे. एखादा सुटा भाग हातात आला की ते आधी तो दोन बोटांत धरून हलवून बघत. चकाकी नंतर. पेडल स्टीलबद्दल वाचताना मला त्यांची ती बोटे आठवतात, कारण हे वाद्य अशाच हातांतून आलेले आहे. ‘स्लोली’मधले वाद्य बनवणारा पॉल बिग्सबी हा मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेला माणूस. आपल्या मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले, त्याची इथे आठवण होते. हत्याराची धार ओळखणाऱ्या नजरेला जवारीची घासणीही साधली. ‘कारागीर’ हा शब्द आपण ‘कलाकार’ या शब्दाच्या एक पायरी खाली ठेवतो. ती पायरी कोणी बांधली आणि त्या खालच्या पायरीवर कोणाकोणाच्या पिढ्या बसल्या, हे वाचकांना सांगायला नको.

सगळे मोजमापात बसते असेही नाही. साठच्या दशकात बडी एमन्सच्या नावाने निघालेल्या कंपनीची ‘पुश-पुल’ वाद्ये जुळवायला किचकट. नंतरची यंत्रणा त्याहून सोपी आहे. तरीही त्या जुन्या वाद्यांसाठी वादक जीव टाकतात, कारण त्यांचा आवाज त्यांना दुसरीकडे मिळत नाही. कान राजी असेल तर माणूस बराच त्रास सोसतो. पण तिथेही अट तीच: एकदा जुळवले की जुळलेले राहिले पाहिजे.

हे वाद्य बिअर बारमधले म्हणून ओळखले जाते. पण हाउस ऑफ गॉड नावाच्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये स्टील गिटार 1930 च्या दशकापासून इबादतीचा भाग आहे. पुढे तिथे पेडल स्टीलही आले. ‘सेक्रेड स्टील’ म्हणून ते संगीत बाहेरच्या जगाला 1990 च्या दशकात माहीत झाले. आपल्याकडे मौसिकी जायज की नाजायज हा वाद जुना आहे आणि त्याचा निवाडा करणे माझे काम नाही. मला तिथला वादक महत्त्वाचा वाटतो. प्रवचन करणाऱ्याचा आवाज चढतो, फाटतो, थांबतो आणि वादक त्याच्यामागे जातो. पुढे काय येणार हे त्याला माहीत नसते. थांबून तार मिळवायला वेळ नसतो. त्या क्षणी तो ज्याच्या भरवशावर असतो, तो खाली सळई बसवणारा कामगार त्याने कधी पाहिलेलाही नसतो.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्या कामगाराला दाद देणार नाही. त्याचे काम चोख असेल तर त्याचे काम लक्षातच येत नाही. चुकले तरच येते. मला ही अमानत वाटते. समोर नसलेल्या माणसासाठी, कोणी न बघणाऱ्या जागी, स्क्रू नीट आवळून ठेवणे.