खरखर कोणती, आवाज कोणता

६० मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला ६० मिनिटेच लागतात. पेनड्राइव्हवरून गाणी घ्यावीत तसे हे काम झटकन होत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या आपल्याच वेगाने चालते आणि तेवढा वेळ कोणाला तरी शेजारी बसून ऐकावे लागते. या दिवाळीच्या सुट्टीत मी अशा सात कॅसेट्सजवळ बसलो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लोखंडी ट्रंकेत अशा कॅसेट्स पडून असतील, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझे आजोबा सिग्नल्समध्ये होते. जबलपूरला प्रशिक्षण झाले आणि नोकरीचा बराचसा काळ ईशान्येकडे गेला. आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. आजीला लिहिता येत नसे आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचे म्हणजे मनातले निम्मे मनातच राही. १९८४ साली आजोबांनी रजेवर येताना एक टू-इन-वन आणून घरी ठेवला. तिकडे त्यांच्या एका सोबत्याकडे तसाच होता. तेव्हापासून रजेवर येणाऱ्या-जाणाऱ्या जवानांबरोबर कॅसेटची ये-जा सुरू झाली.

आजोबांची कॅसेट आली की आजी ती पुनःपुन्हा ऐकायची आणि मग त्याच फितीवर आपले बोलणे भरून परत पाठवायची. नवी कॅसेट विकत घेणे तिला उधळपट्टी वाटे. आजोबा मात्र तिची कॅसेट कधी पुसत नसत. ती ट्रंकेत ठेवून उत्तरासाठी नवी आणत. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलेल्या सहाही कॅसेट्सवर आजीचाच आवाज आहे. आजोबांचा आवाज फक्त सातवीवर राहिला, कारण ती पाठवल्यावर थोड्याच दिवसांनी ते स्वतःच घरी आले आणि तिला उत्तर द्यायची वेळच आली नाही. आजोबा गेले तेव्हा मी तिसरीत होतो.

तयारी फार मोठी नव्हती. टू-इन-वनचा रबरी पट्टा सैल झाला होता, त्यामुळे आवाज ओढल्यासारखा येई. गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो बदलून दिला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसले. कापूस तपकिरी होऊन आला. इतकी वर्षे फितींवरून झडलेली ती लोहभुकटी. लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात फक्त माइकचा आवाज जातो, म्हणून लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घेतले. टू-इन-वनच्या हेडफोनच्या जागेतून त्यात वायर जोडली. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. प्रत्येक कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घेतली, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. मागची प्लॅस्टिकची टिचकी मोडून टाकली, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही रेकॉर्ड होत नाही. आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही, कारण डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

पहिल्याच कॅसेटवर आजी म्हणाली, "अवो, हिकडं समदी खुशाल हाय. म्हस व्याली. रेडी झाली." मागे सतत घरघर होती. ऑडॅसिटीत खरखर काढण्याची सोय आहे. जिथे कोणी बोलत नाही असा तुकडा दाखवला की सॉफ्टवेअर त्या तुकड्यातला आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा करते. आजी बोलायला लागण्याआधीचे चार सेकंद मी निवडले आणि घरघर गेली. मी दोन्ही प्रती आजीला ऐकवल्या. साफ केलेली ऐकून ती म्हणाली, "आवाज माझाच हाय, पर स्टोव्ह कुठं गेला?"

ती घरघर म्हणजे पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह होता. रात्री सगळे निजल्यावर सकाळच्यासाठी पाणी तापवत ती बोलत असे, कारण सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची चोरी, मग ते यंत्रातून का असेना. संगणकाच्या लेखी ती खरखर होती. आजोबांना मात्र त्या घरघरीतूनच घरी किती वाजले आहेत ते कळत असणार. बाबा म्हणाले, "मूळ प्रत आहे तशी ठेव. साफ केलेली वेगळी कर." तसेच केले. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवली. ६० मिनिटांना सुमारे ६३५ एमबी जागा लागते, पण आवाजातला एक कणही टाकला जात नाही. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ केली, ती ६० एमबीच्या आतच बसते.

सातवी कॅसेट शेवटी घेतली. तिच्यातली फीत हेडवर दाबून धरणारी नमद्याची गादी गळून पडली होती आणि कवच चिकटवलेले होते, स्क्रूचे नव्हते. वाजवली असती तर आवाज विरळ आला असता आणि फीत गुंतण्याचीही भीती होती. उपाय एकच होता. कवच फोडायचे आणि फीत दुसऱ्या कवचात घालायची. शिवणकामाने आईचा हात सर्वांत स्थिर, म्हणून ते काम तिच्याकडे दिले. एका जुन्या सिनेगीतांच्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून रिकामे कवच तयार ठेवले. आईने ब्लेडने सांधा उकलला आणि दोन्ही चकत्या फितीसकट उचलून नव्या कवचात ठेवल्या. अर्धा तास घरात कोणी पंखाही लावला नाही.

आजोबांनी विशेष असे काही सांगितलेले नाही. पावसाआधी कौले शाकारून घे. पोराला सतराचा पाढा येतो का ते बघ. तो पोरगा म्हणजे माझे बाबा. तेवीस मिनिटे बोलून झाल्यावर ते थांबले आणि सवयीने म्हणाले, "ओव्हर." बाबा हसले आणि मग उठून बाहेर गेले. आजीने मला त्याचा अर्थ विचारला. बोलणे संपले की वायरलेसवर 'आउट' म्हणतात, आणि 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तू बोल, असे मी सांगितले. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लाव तुजं मशिन."

आठवी फाइल आजीची आहे. सातही कॅसेट्सवर मागून कोण कोण बोलते ते तिने त्यात नावानिशी सांगितले आहे. रामराम घालणारे शेजारचे तात्या, दारातून हाक मारणारी तिची धाकटी जाऊ, अंगाईला रडणारी माझी आत्या. यांतली निम्मी माणसे आज नाहीत आणि बाबांनाही ती आवाजावरून ओळखता आली नसती. संगणकाला तर कोणाचेच नाव ठाऊक नाही.

मित्रांनो, वायर, साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. ते आवाज ओळखणारी माणसे आज घरी आहेत. या सुट्टीत ट्रंक उघडा आणि त्यांना शेजारी बसवून ऐका. उतरवलेल्या फाइल्सच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. मूळ कॅसेट्स मात्र टाकून देऊ नका.