कनवटीची वेळ

आमच्या घरातलं खिशाचं घड्याळ गेली चाळीसेक वर्षं एकाही खिशात नव्हतं.

कुणाच्या तरी अंगावर मात्र होतंच. त्याचं रुपेरी झाकण बोटांनी झिजून इतकं गुळगुळीत झालंय, की त्यावरची वेलबुट्टी आता डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला तेवढी लागते. तबकडी पांढऱ्या मिन्याची, तिच्यावर सातापासून मधल्या खिळ्यापर्यंत गेलेली केसाएवढी चीर. खाली लहानशा गोलात सेकंदाचा काटा, आणि वर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे–कलकत्ता’. काटे निळे आहेत. ते निळेपण रंगाचं नसतं, पोलाद ठरावीक आचेपर्यंत तापवलं की आपसूक निळं होतं, हे फार पुढं समजलं. लहानपणी मात्र तो निळा मला पोळ्याच्या सुमारास पाऊस घटकाभर उघडावा आणि ढगांच्या फटीतून आभाळ दिसावं, तसा वाटायचा.

मारेगावला रेल्वे नाही. गाडी वणीला. म्हणजे स्टेशनावरचं मोठं घड्याळही वणीला, आणि जिनिंगचे भोंगेही तिकडेच. आजोबांच्या उमेदीत आमच्याकडे वेळ यायची ती कुणाच्या तरी खिशातून. कापसाच्या एका बऱ्या हंगामानंतर त्यांनी हे घड्याळ वणीहून आणलं, आणि त्यासाठी म्हणून कोट शिवून घेतला. धोतरावर तो कोट, कोटाच्या काजात अडकवलेली साखळी, साखळीचं दुसरं टोक खिशाच्या अंधारात. ते रस्त्यानं निघाले की हमखास कुणीतरी हटकायचं, “आबाजी, किती वाजले जी?” मग डोक्यावर ऊन असो की हातात बैलाचा कासरा, ते थांबायचे, घड्याळ काढायचे, झाकण टच्‌कन उघडायचं, हात लांब धरून काट्यांकडे बघायचे, मग का कोण जाणे एकदा आभाळाकडेही बघून घ्यायचे, आणि एखादं दान द्यावं तसं सांगायचे, “सव्वानऊले दोन कमी.”

विचारणाऱ्याला त्या दोन मिनिटांचं काही करायचं नसे. तो वावरात निघालेला. तिथं पऱ्हाटी त्याची मिनिटं मोजत उभी नव्हती. त्याला फक्त सांगितलं जायला हवं असे. आणि घड्याळवाल्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

घड्याळ त्यांचं, वेळ गावाची.

लग्नसराईत तर ते मानकरीच होते. आजी सांगायची, की तिच्या लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडली होती, बुडाला बारीक भोक पाडलेली. त्या भोकातून पाणी आत चढत जायचं, आणि वाटी बुडाली की एक घटिका भरली, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. भटजी त्या वाटीकडे, नवरदेवाकडचे भटजीकडे, आणि आजी खाली मान घालून अंतरपाटाच्या काठाकडे बघत होती. पुढं गावातल्या लग्नांत घंगाळाची जागा आजोबांच्या तळहातानं घेतली. मंगलाष्टकं संपत आली की मांडव त्यांच्याकडे बघायचा. हळदीचा, घामाचा, शेवंतीच्या हारांचा वास, मुठीत ओलसर झालेल्या अक्षता, वाजंत्र्यांच्या गालांत अडकलेला श्वास, साऱ्या मांडवाचा जीव त्या निळ्या काट्याच्या टोकावर. मग आजोबा मान हलवायचे.

घरात मात्र या घड्याळाला कुणी तसं मानत नसे. आजी अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या सावलीवर चालायची. सावली आखडून पायथ्याशी आली की तिची दुपार, मग पानं वाढायची. आजोबा घड्याळ काढून म्हणायचे, “बारा तर कवाचेच वाजून गेले.” आजी म्हणायची, “तुमच्या घड्यायाचे वाजले असतीन.” ही तक्रार जन्मभर चालली, आणि गंमत अशी की दोघंही खरे होते. देशाची प्रमाणवेळ १९०६ सालापासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. आमचं गाव त्याच्या बरंच पश्चिमेला. तिथला सूर्य आमच्या डोक्यावर यायला साधारण पंधरा मिनिटं जास्त घेतो. आजोबा रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावत, म्हणजे सगळ्या देशाची वेळ खिशात बाळगत. आजी मारेगावची वेळ अंगणात राखून होती. आमच्या घरात रोज पाव तासाचं अंतर जेवायला बसायचं.

आणि तरी चावी तीच द्यायची. दिवाबत्ती झाली, हात पदराला पुसले, की खुंटीवरच्या कोटातून ती घड्याळ काढी. तिला आकडे वाचता येत नव्हते. चिमटीत चावी धरून ती सावकाश पिळत जाई, आतली कमान किरकिर करत आवळत जाई, आणि एका वळणावर तिचा अंगठा आपोआप थांबे. “भरलं पोट,” ती म्हणे. असल्या घड्याळाचं चक्र सेकंदाला पाच वेळा हलतं, तासाला १८,००० वेळा, आणि त्या साऱ्या हालचालीचं भांडवल संध्याकाळच्या त्या दोन-तीन डझन पिळांचं. दिवसभर ते उलगडत जातं, उद्या थोडंसं उरतं, परवा काहीच नाही. कालच्या चावीवर आज भागत नाही. आजोबा मांडवात मान हलवायचे तेव्हा त्या मानेमागं आजीचा अंगठा होता, हे त्या मांडवातल्या कुणाला ठाऊक होतं?

आजोबा गेले, मागोमाग आजी गेली, आणि वाटणीचा दिवस आला. वावराचे तुकडे पडतात, धुरे नवे घालता येतात, तलाठ्याकडे फेरफार होतो, बैल एकेक वाटता येतात, पितळी भांडी वजनावर. घड्याळ वाटता येत नाही. आत्या हिंगणघाटाकडून आली होती, वर्धा ओलांडून. बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यानं मान्य केलेला, पण आमच्याकडे बहिणीनं हक्कसोडीवर सही करायची आणि भावांनी तिची साडी-चोळीनं ओटी भरायची, हा त्या कायद्याहून जुना आणि अजूनही त्याच्याहून जोरकस कायदा. माझं मत विचाराल तर ती सही प्रेमाची नसते, माहेर तुटू नये म्हणून भरलेली ती खंडणी असते. आत्यानं सही केली. साडी बाजूला सारली आणि म्हणाली, “वावर तुमचंच राहू द्या. मले बाबाचं घड्याय द्या.”

भाऊ हसले. “खिशाचं घड्याय हाय ते. तुले खिसा नाई, ठेवशीन कुठं?”

“गांधीबाबाले तरी कोनता खिसा होता?”

हे उत्तर तिला तिच्या सासरच्या मुलखानं दिलं होतं. तिकडून सेवाग्राम जवळ. १९३६ साली गांधी तिथं राहायला आले, तेव्हाही त्यांच्या पंचाला खिसा नव्हताच. घड्याळ दोरीनं कमरेला लोंबकळायचं, आणि त्या बाजूच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीत काठीइतकंच ते घड्याळही राहिलेलं. आत्यानंही तेच केलं. साखळी काढून काळा करगोटा ओवला आणि घड्याळ लुगड्याच्या कनवटीला खोचलं, जिथं सुटे पैसे आणि सुपारीचं खांड असायचं. तिथं ते पुढं तिच्या म्हातारपणापर्यंत राहिलं. कापूस वेचताना, चुलीपुढं, एस.टी.च्या बाकावर, तिच्या पोटाच्या उबेला.

आजोबांचं घड्याळ जिथं कधीच पोचलं नसतं, तिथं ते आत्याच्या कनवटीतून पोचलं. बाळंतिणीच्या खोलीत. आधी तिथली वेळ बाहेरून अंदाजानं सांगितली जायची, कोंबडं आरवल्यावर, गाई रानात सुटायच्या सुमाराला, आणि त्या अंदाजावर एका जन्माची पत्रिका मांडली जायची. आत्या आत बसे. वाफाळणारं पाणी, ओव्याचा धूर, कंदिलाची मंद वात, कण्हणं, धीराचे शब्द, आणि त्या सगळ्यांत कनवटीतली ती अखंड टिकटिक, बाळाच्या ठोक्यांहूनही जलद. पहिलं रडू ऐकू आलं की इतर बाया बाळाकडे बघत, आत्या काट्यांकडे. मग दाराआड उभ्या पुरुषांना ती आतूनच वेळ सांगे, मिनिटासकट. आजोबांनी जुळवलेली वेळ अक्षतांची होती. हिची नाळेची.

गांधींच्या घड्याळाची शेवटली गोष्टही दोन मुलींपाशीच येऊन थांबते. ३० जानेवारी १९४८ ला सरदारांशी बोलता बोलता प्रार्थनेला उशीर झाला. आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून लगबगीनं चालताना त्यांनी, घड्याळाकडे न बघितल्याच्या थट्टेवर, तुम्हीच तर माझी वेळ राखणाऱ्या, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. पुढं पायऱ्या, हिरवळ, आणि जे झालं ते. त्यांचं झेनिथ घड्याळ २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आलं, ते आभाकडून आलेलं असल्याचं सांगत; चपला, चष्मा, ताट-वाटीसह सगळं अठरा लाख डॉलरना गेलं. ती बातमी आत्याला वाचून दाखवली तर तिनं पहिलं विचारलं ते हे, की आता त्याला चावी कोण देते.

ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिनं करगोटा सोडून घड्याळ माझ्या हातात ठेवलं. कोमट होतं. “तुह्या पोरीले देजो. तुले नाई देत, तुह्याजवळ ठेवते,” असं स्पष्ट सांगून. त्यामुळं मी मालक नव्हे, मधला माणूस. वणीच्या एका घड्याळजीकडे ते साफ करायला नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यानं मागचं झाकण उघडलं, बराच वेळ बघत राहिला, आणि चिमट्यानं आतून एक तंतू ओढून काढला. कापसाचा. कुठल्या हंगामातला कुणास ठाऊक; चाकांच्या दातांना चुकवत तो वर्षानुवर्षं तिथं बसून होता. “हे कुणाच्या खिशात होतं?” त्यानं विचारलं. घामानं कड खाल्लेली, पण चाल कुठं बिघडलेली नाही. अंगाच्या एकसारख्या उबेत राहिलेली घड्याळं अशी टिकतात, म्हणाला.

आता लेक पुण्याहून सुट्टीला येते तेव्हा चावी ती देते. अंगठा कुठं थांबवायचा हे तिला कुणी शिकवलं नाही. घड्याळ अंगावर वागवायचं तिनं ठरवलंय. जीन्सच्या मोठ्या खिशात जो एक इवलासा खिसा असतो, तो मुळात अशाच घड्याळासाठी निघाला. पण आमचं घड्याळ त्यात मावत नाही, आणि तिच्या कुर्त्यांना खिसे नाहीत. बाजारातले बाईमाणसाचे कपडे अजूनही आपली कनवटच गृहीत धरतात, फक्त कनवट राहिलेली नाही.

म्हणून परवा आम्ही शिंप्याकडे गेलो. त्यानं विचारलं, “खिसा मोबाइलचा?” लेकीनं घड्याळ कापडावर ठेवलं. त्यानं त्याच्या कडेनं खडू फिरवला, वरच्या कडीचं टेंगूळही नीट काढलं, मग उचलून कानाशी धरून खात्री केली, आणि परत दिलं.

“शुक्रवारी घेऊन जा.”

“किती वाजता येऊ?” तिनं विचारलं.

“या ना दुपारून,” तो म्हणाला, आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला.